मेलेल्या संगणकातले जिवंत भाग

कंपनी कायदा २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीत मालमत्तेच्या निरनिराळ्या प्रकारांचं उपयुक्त आयुष्य ठरवून दिलं आहे. डेस्कटॉप आणि लॅपटॉपच्या वाट्याला तिथे ३ वर्षं आली आहेत, सर्व्हरच्या वाट्याला ६. प्राप्तिकराच्या हिशेबात संगणकावर दरसाल ४० टक्के घसारा मिळतो. म्हणजे १०० रुपयांचा संगणक तीन घसाऱ्यांनंतर वहीत २१ रुपये ६० पैशांचा उरतो. यंत्राला मात्र ही वही कोणी वाचून दाखवलेली नसते. वातानुकूलित कचेरीत, यूपीएसच्या विजेवर, दिवसभर ईमेल आणि एक्सेल चालवणारा तो डबा पाचव्या वर्षीही बिनतक्रार चालू असतो. मग वॉरंटी संपते, नवी खरेदी मंजूर होते आणि एकाच मजल्यावरचे शेकडो संगणक एकदम ट्रकमध्ये चढतात.

हा झाला लॉटचा माल. मुंबईत तो लॅमिंग्टन रोडला, म्हणजे पाटीवरच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाला येतो. दिल्लीत नेहरू प्लेसला, बंगळुरूत एस. पी. रोडला. काही व्यापारी पूर्ण संगणक पुसून, तपासून विकतात. काही तो सुटा करतात: रॅम एका ट्रेमध्ये, प्रोसेसर दुसऱ्यात, हार्ड डिस्कची वेगळी चळत. उरलेला पत्रा भंगारात.

दुसरा ओघ घराघरांतून येतो. माळ्यावर ठेवलेला, ‘बिघडलाय’ म्हणून कपडा टाकून झाकलेला संगणक. त्याचं नेमकं काय बिघडलं, असं विचारलं तर उत्तर येतं, “चालूच होत नाही.” उघडून पाहिलं तर बहुतेक वेळा एकच भाग गेलेला असतो. वीज पुरवणारा एसएमपीएस जळालेला असतो, किंवा हार्ड डिस्क, किंवा नुसताच रॅमचा संपर्क सुटलेला असतो. बाकीचे सहा-सात भाग धडधाकट असतात, पण एकट्याने काही करू शकत नाहीत.

जुन्या भागांतून संगणक उभा करण्याचं सगळं शास्त्र यातच आहे. संगणक एकदम मरत नाही, भागाभागाने मरतो. चार मेलेल्या यंत्रांतून एक जिवंत यंत्र निघू शकतं. त्यासाठी दोन गोष्टी कळायला हव्यात: कुठला भाग म्हातारा होतो आणि कुठला होत नाही, आणि कुठला भाग कुणाशी जुळतो.

मापं जुळतात, म्हणून

जुळण्याचा प्रश्न आधी घेऊ, कारण तो सुटला नसता तर बाकीचं सगळं व्यर्थ होतं. १९८० च्या आसपास बहुतेक कंपन्यांचे संगणक एकमेकांशी फटकून असत. एकाची डिस्क दुसऱ्यात चालत नसे, एकाचं कार्ड दुसऱ्यात बसत नसे. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पहिला पीसी बाजारात आणला. फ्लोरिडातल्या बोका रॅटन इथे डॉन एस्ट्रिज यांच्या छोट्या गटाने तो सुमारे वर्षभरात उभा केला होता. एवढ्या कमी वेळात सगळे भाग घरी बनवणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी ते बाजारातून घेतले: प्रोसेसर इंटेलचा, फ्लॉपी ड्राइव्ह टँडनचे, डॉस मायक्रोसॉफ्टची. शिवाय कार्ड बनवणाऱ्यांच्या सोयीसाठी आयबीएमने यंत्राचे आराखडे आणि बायॉसचा, म्हणजे यंत्र सुरू होताच आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रामचा, मजकूरही पुस्तकात छापून विकला. त्या मजकुरावर आयबीएमचा हक्क होता, पण त्याचं काम हुबेहूब करणारा नवा मजकूर स्वतंत्रपणे लिहायला मज्जाव नव्हता. कॉम्पॅकने तसा लिहिला, पुढे फिनिक्स कंपनीने तसा बायॉस लिहून कुणालाही विकायला सुरुवात केली, आणि पीसी एका कंपनीचा राहिला नाही.

दुसरा मोठा टप्पा १९९५ चा. इंटेलने एटीएक्स हे माप जाहीर केलं. मदरबोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा, स्क्रूची भोकं अमुक जागी, मागची जोडणीची खिडकी अमुक आकाराची, विजेच्या जोडणीत कुठल्या पिनेवर किती व्होल्ट हेही ठरलेलं. याचंच लहान भावंड मायक्रो-एटीएक्स, २४४ मिलिमीटरचा चौकोन. म्हणून २००४ सालच्या कॅबिनेटमध्ये आजचा मायक्रो-एटीएक्स बोर्ड बिनबोभाट बसतो. कॅबिनेट हा पीसीचा सर्वांत दीर्घायुषी भाग आहे आणि तो नवा घ्यायची गरज क्वचितच पडते.

जुळण्याचा हा धागा बारीकसारीक ठिकाणीही पोचलेला असतो. इंटेलच्या ११५६, ११५५, ११५०, ११५१ आणि १२०० या सॉकेटांभोवती, म्हणजे प्रोसेसर बसवायच्या जागांभोवती, कूलर बसवायच्या भोकांमधलं अंतर एकच आहे, ७५ मिलिमीटर. म्हणून २०११ च्या यंत्रातून काढलेला कूलर २०२० च्या बोर्डावर बसतो. त्याआधीच्या ७७५ सॉकेटला हे अंतर ७२ आहे, त्यानंतरच्या १७०० सॉकेटला ७८. तीन मिलिमीटरने कूलर निकामी होतो.

जिथे कंपन्यांनी हे एकमत मोडलं तिथे जुळवणारा अडकतो. कचेऱ्यांसाठी बनलेल्या ब्रँडेड यंत्रांत असं बरंच सापडतं. २४ पिनांच्या ठरलेल्या जोडणीऐवजी डेलच्या काही मॉडेलांत ८ पिनांची, एचपीच्या काहींत ६ पिनांची, लेनोव्होच्या काहींत १४ पिनांची जोडणी असते. बोर्ड उत्तम, पण त्याला बाजारातला साधा एसएमपीएस लावता येत नाही. मध्ये अडॅप्टर केबल लागते. ब्रँडेड यंत्राचा बोर्ड सुटा घ्यायचा असेल तर आधी विजेच्या जोडणीच्या पिना मोजाव्यात.

म्हातारपण कुणाला येतं

प्रोसेसर सहसा म्हातारा होत नाही. त्याला हलणारा भाग नाही, त्याचं तापमान तो स्वतःच राखतो, आणि नेमून दिलेल्या व्होल्टेजवर तो बोर्डापेक्षा जास्त जगतो. जुन्या बाजारात सर्वांत निर्धास्तपणे घ्यावी अशी वस्तू हीच. तिच्या पाठोपाठ रॅम. रॅमची कांडी बहुधा एक तर चालते किंवा चालत नाही. मधली अवस्था असते, पण ती तपासणीत सापडते.

म्हातारपण येतं ते कपॅसिटरला. मदरबोर्डावर आणि एसएमपीएसमध्ये उभ्या असणाऱ्या त्या छोट्या नळकांड्यांत ओलसर रसायन असतं. उष्णतेने ते हळूहळू सुकतं. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंश सेल्सिअसने कमी ठेवलं की कपॅसिटरचं आयुष्य दुप्पट होतं. म्हणजे वातानुकूलित बँकेतला बोर्ड आणि पत्र्याच्या छपराखालच्या सायबर कॅफेतला बोर्ड एकाच साली बनलेले असले तरी एका वयाचे नसतात.

२००० च्या दशकाच्या सुरुवातीला तर हा रोगच पसरला होता. सदोष रसायनाचे कपॅसिटर लाखो बोर्डांवर बसले आणि दोन-तीन वर्षांत फुगून फुटू लागले. डेलच्या ऑप्टिप्लेक्स जीएक्स २७० या मॉडेलला त्याचा मोठा फटका बसला. २००५ मध्ये कंपनीला दुरुस्तीपोटी ३० कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. त्या काळातला बोर्ड हाती आला तर आधी नळकांड्यांचे माथे पाहावेत. माथा सपाट हवा. तो किंचितही घुमटासारखा झाला असेल, किंवा त्यावरच्या खाचेतून तपकिरी खरपुडी आली असेल, तर बोर्ड खाली ठेवावा. २०१० नंतरच्या चांगल्या बोर्डांवर बहुतेक ठिकाणी घन प्रकारचे कपॅसिटर असतात. त्यांत सुकण्यासारखं द्रव नसतं, म्हणून ते टिकतात.

पंख्याचं बेअरिंग झिजतं, प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट वाळून खडूसारखी होते, बोर्डावरचा सीआर २०३२ सेल उतरतो आणि घड्याळ मागे जातं. हे तिन्ही किरकोळ आहेत. बदलायचेच असं धरून चालावं. एसएमपीएस आणि डिस्क यांचं म्हातारपण मात्र बाकीच्यांना बरोबर घेऊन जाणारं असतं. एसएमपीएस जाताना बोर्ड जाळू शकतो. डिस्क जाताना आपली दहा वर्षांची कागदपत्रं नेते. म्हणून पैसे वाचवायचे ते प्रोसेसर, बोर्ड, रॅम, कॅबिनेट आणि मॉनिटरवर. एसएमपीएस आणि हार्ड डिस्कच्या जागी बसणारी एसएसडी या दोन वस्तू नव्या घ्याव्यात.

दुकानाच्या काउंटरवर

एक ठरावीक जुळणी डोळ्यांपुढे ठेवू. प्रोसेसर कोअर आय५-४५७०, २०१३ चा: चार कोअर, ३.२ गिगाहर्ट्झ, ८४ वॉट. सॉकेट एलजीए ११५०. बोर्ड एच८१ किंवा बी८५ चिपसेटचा. पहिल्यावर रॅमच्या दोन खाचा आणि जास्तीत जास्त १६ जीबी, दुसऱ्यावर सहसा चार खाचा आणि ३२ जीबीपर्यंत. रॅम डीडीआर३. पडद्यासाठी वेगळं कार्ड लागत नाही, कारण ते काम प्रोसेसरच करतो. घरचं लिखाण, हिशेब, ऑनलाइन वर्ग, सिनेमा, थोडं प्रोग्रामिंग, एवढ्याला हे यंत्र पुरून उरतं.

विक्रेता म्हणेल, “चालू आहे साहेब, डिस्प्ले येतो.” डिस्प्ले येणं ही पहिली परीक्षा आहे, शेवटची नव्हे. बोर्ड हातात घेऊन आधी सॉकेटवरचं झाकण उचलावं. एलजीए पद्धतीत पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डावर असतात. इथे १,१५० बारीक, वाकवलेल्या सोनेरी पिना ओळीने उभ्या असतात. मोबाइलचा टॉर्च वरून न मारता बाजूने, जवळजवळ आडवा धरावा आणि बोर्ड हळूहळू फिरवावा. सगळ्या पिना एकाच क्षणी चमकतात आणि एकाच क्षणी विझतात. जी पिन शेजारणींबरोबर चमकत नाही ती वाकलेली आहे. एक वाकलेली पिन म्हणजे रॅमची एक बाजू न दिसणं, किंवा बोर्ड चालूच न होणं. दुरुस्त होऊ शकते, पण तिची किंमत भावातून कमी झाली पाहिजे.

मग बोर्ड उलटा करावा. मागच्या बाजूला एखाद्या चिपभोवती काळपट डाग, चिकट फ्लक्सचा थर किंवा सांधकामाच्या खुणा दिसल्या तर तो दुरुस्त केलेला बोर्ड आहे. दुरुस्त बोर्ड वाईटच असतो असं नाही. तो दुरुस्त म्हणून, त्या भावात विकला जावा. ‘टेस्टिंग वॉरंटी’ किती दिवसांची हे बिलावर लिहून घ्यावं, तोंडी नको.

जुन्या सॉकेटांचे कोरे बोर्डही मिळतात आणि ग्राहक चक्रावतो: २०११ च्या एच६१ चिपसेटचा बोर्ड आज नवा कसा? असे बरेच बोर्ड चीनमध्ये बनतात आणि त्यांवरची चिपसेट अनेकदा जुन्या बोर्डांवरून काढलेली असते. सर्व्हरच्या दुनियेत याचा एक गाजलेला अध्याय घडला. झिऑन ई५-२६७० हा आठ कोअरचा प्रोसेसर २०१२ मध्ये दीड हजार डॉलरच्या वर विकला जात होता. चारेक वर्षांनी डेटा सेंटरांनी आपली यंत्रं बदलली आणि तोच प्रोसेसर १०० डॉलरच्या आत आला. प्रोसेसरांचे ढीग, पण ते बसवायला बोर्ड नाहीत. ही पोकळी चिनी कारखान्यांनी जुन्या चिपसेट वापरून भरून काढली.

ग्राफिक्स कार्डाबाबत डोळे जास्त उघडे ठेवावे लागतात. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर त्याचं ‘मायनिंग’ करणं संपलं. वर्षानुवर्षं दिवसरात्र चाललेली कार्डं बाजारात ओतली गेली. त्यांतली चिप बहुधा शाबूत असते. पंखे थकलेले असतात आणि कार्डावरचा बायॉस मायनिंगसाठी बदललेला असू शकतो. त्याहून वाईट म्हणजे बनावट कार्डं: आतली चिप २०१० च्या आसपासची, बायॉस मात्र असा बदललेला की विंडोजमध्ये नाव नव्या कार्डाचं दिसतं. जीपीयू-झेड हे मोफत साधन २०१८ पासून अशा कार्डाच्या नावापुढे ‘फेक’ असं छापतं. पेन ड्राइव्हवर ते सोबत ठेवावं आणि पैसे देण्याआधी चालवून पाहावं.

हार्ड डिस्कवर ‘हेल्थ १०० टक्के’ अशी चिठ्ठी चिकटवलेली असते. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. त्यातला पाचवा आकडा बदलून टाकलेल्या सेक्टरांचा, १९७ वा निकालाची वाट पाहणाऱ्या सेक्टरांचा, नववा एकूण किती तास चालली याचा. पहिले दोन शून्य हवेत. पण शून्य असले म्हणजे डिस्क चांगलीच, असं नाही. गूगलच्या पिन्हेरो, वेबर आणि बरोसो यांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता चूक न सापडलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. पण बंद पडलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी स्मार्टच्या चार प्रमुख निशाण्यांपैकी एकही दाखवली नव्हती. वाईट नोंद असेल तर डिस्क नक्की टाळावी. चांगल्या नोंदीवर विसंबू नये. जुनी डिस्क घ्यायचीच तर ती दुसरी प्रत ठेवायला घ्यावी, एकमेव प्रत ठेवायला कधीच नाही.

टेबलावर

भाग घरी आले की थेट कॅबिनेटमध्ये कसू नयेत. आधी टेबलावर, सुक्या पुठ्ठ्यावर, कमीत कमी भागांनिशी यंत्र चालवून पाहायचं.

सुरुवात एसएमपीएसपासून. नवा असला तरी तपासावा, जुना असेल तर तपासल्याशिवाय बोर्डाला लावूच नये. तो सुटा ठेवून भिंतीच्या प्लगला जोडायचा. २४ पिनांच्या जोडणीत एकच हिरवी तार असते, पिन क्रमांक १६. ती आणि शेजारची कुठलीही काळी तार पेपर क्लिपच्या तुकड्याने जोडली की पंखा फिरू लागतो. बोर्ड एरवी हीच खूण एसएमपीएसला देत असतो. मग मल्टिमीटरची काळी पिन काळ्या तारेवर ठेवून पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट (११.४ ते १२.६ चालतात), लाल तारेवर ५ (४.७५ ते ५.२५) आणि नारिंगी तारेवर ३.३ व्होल्ट पाहावेत. आकडे या मर्यादेबाहेर असतील तर एसएमपीएस भंगारात. मर्यादेत असतील तर तो विनाभार पास झाला, एवढंच. भाराखाली काय करतो ते पुढे कळेल. तो उघडू मात्र नये. २३० व्होल्टच्या विजेतून त्याच्या मोठ्या कपॅसिटरात सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तिथेच राहू शकतात.

याच टप्प्यावर घरातली अर्थिंगही तपासून घ्यावी. पत्र्याच्या कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात, ही आपल्याकडची नेहमीची तक्रार. दोष बहुधा यंत्राचा नसतो. एसएमपीएसच्या तोंडाशी फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून अर्थकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थची वाट तुटलेली असली की कॅबिनेट दोघांच्या मधोमध, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतं. प्रवाह अगदी कमी असतो, पण बोर्डावर हात चालवताना तो नको. तीन पिनांचा प्लग आणि खरी अर्थिंग, याला पर्याय नाही.

आता प्रोसेसर बोर्डावर ठेवायचा. कोपऱ्यातला त्रिकोण बोर्डावरच्या खुणेशी जुळवून, न दाबता. जुनी पेस्ट अल्कोहोलने पुसून मटारच्या दाण्याएवढी नवी लावायची. इंटेलच्या कूलरचे चार प्लॅस्टिक खुंट कर्णरेषेत, समोरासमोरचे आधी, असे दाबायचे. मग रॅमची एकच कांडी.

रॅमच्या सोनेरी पट्ट्यांना रबर लावणं हा आपल्या गल्लीतल्या प्रत्येक मेकॅनिकचा पहिला उपाय आहे, आणि तो खरोखर चालतो. कारण साधं आहे. सोनं गंजत नाही, पण त्यावर दमट हवेतली धूळ, बोटांचं तेल आणि धूर यांचा पातळ पापुद्रा बसतो. पट्टी आणि खाचेतली पिन यांचा स्पर्श बिंदूएवढाच असतो, तेवढा पापुद्राही पुरतो. मात्र सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. शाई खोडायच्या रबराचं खरखरीत टोक वापरलं तर तो निघून खालचं निकेल उघडं पडतं. पांढरं मऊ खोडरबर घ्यावं, बोर्डापासून दूर, पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने दोन-तीनदा हलक्या हाताने फिरवावं, चुरा झटकावा आणि अल्कोहोलच्या कापसाने पुसावं. बोर्डावर बसवताना कांडीची मधली खाच आणि बोर्डावरची खूण जुळते का पाहावं. डीडीआर३ ला २४० पट्ट्या, डीडीआर४ ला २८८, आणि मधली खाच मुद्दाम वेगळ्या जागी. चुकीची कांडी जोर लावल्याशिवाय बसत नाही. जोर लावावा लागला की थांबायचं.

बोर्डावर २४ पिनांची आणि प्रोसेसरजवळची १२ व्होल्टची, अशा दोन्ही जोडण्या लावायच्या. दुसरी विसरली की पंखा फिरतो आणि पडदा काळा राहतो. कॅबिनेटचं बटण नाही, म्हणून बोर्डावरच्या ‘पॉवर स्विच’ लिहिलेल्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर लावायचं. शेजारी चार पिनांचा छोटा स्पीकर लावलेला असला तर बोर्ड बोलू लागतो. एक छोटी बीप म्हणजे बहुतेक बोर्डांवर सारं ठीक. रॅम काढून चालू केलं आणि बोर्ड सलग बीप देत ओरडला, तर तीही चांगली बातमी आहे: प्रोसेसर आणि बायॉस जिवंत आहेत, म्हणूनच तक्रार करताहेत. पूर्ण शांतता ही सर्वांत वाईट.

पडद्यावर बायॉस दिसला की मेमटेस्ट८६+ पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवावं. हे मोफत साधन रॅमच्या प्रत्येक कप्प्यात ठरावीक नमुने लिहितं आणि वाचून पडताळतं. लाल ओळ एकही चालत नाही. एक चूकही महिनाभराने एखाद्या फाइलमध्ये उमटते. दुसऱ्या दिवशी प्रोसेसरवर पूर्ण भार टाकून तापमान आणि एसएमपीएस दोन्ही पाहावेत. यातून पार पडलं की मगच कॅबिनेट, आणि मगच एसएसडी.

एसएसडीने पडणारा फरक जुन्या यंत्रात सर्वांत ठळक दिसतो. ७,२०० फेऱ्यांच्या हार्ड डिस्कला एखादी जागा शोधून वाचायला १० मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागतो, एसएसडीला मिलिसेकंदाचा दहावा भागही पुरतो. लोक ज्याला ‘संगणक स्लो झाला’ म्हणतात ते बहुतेक वेळा प्रोसेसरचं नसतं, या शोधाशोधीचं असतं.

किती जुनं म्हणजे फार जुनं

जुन्याची हद्द वेग ठरवत नाही, आज्ञा ठरवतात. प्रोसेसरला समजणाऱ्या मूळ आज्ञांचा संच दर काही वर्षांनी वाढतो आणि नवं सॉफ्टवेअर त्या नव्या आज्ञा गृहीत धरतं. विंडोज ११ ची २०२४ ची आवृत्ती एका विशिष्ट आज्ञेशिवाय सुरूच होत नाही. कोअर २ ड्युओ तिथे अडखळतो. विजेचाही हिशेब आहे. २००५ च्या पेंटियम डी मालिकेतले काही प्रोसेसर १३० वॉटपर्यंत उष्णता टाकत आणि आजच्या साध्या प्रोसेसरच्या जवळपासही काम करत नसत. तो फुकट मिळाला तरी महाग. डीडीआर३ च्या काळातला चार कोअरचा प्रोसेसर ही आजची खालची पायरी मानायला हरकत नाही.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढच्या, म्हणजे २०१७ नंतरच्या प्रोसेसरांवर चालतं आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मागतं. आपला आय५-४५७० चौथ्या पिढीचा. त्याच्यावर लिनक्स मिंट किंवा डेबियन घालावं. मराठी टंकलेखन, ब्राउझर, लिब्रेऑफिस सगळं तिथे चालतं आणि सुरक्षेच्या सुधारणाही येत राहतात.

लिनक्स घालण्याआधी एक काम करायचं. जुनी डिस्क वापरणार असाल तर ती पूर्ण पुसावी, आणि स्वतःची विकणार असाल तर आणखी कसून. ‘फॉरमॅट’ने अनेकदा अनुक्रमणिका तेवढी जाते, मजकूर राहतो. एमआयटीच्या सिम्सन गारफिंकल आणि अभी शेलाट यांनी १५८ जुन्या डिस्क विकत घेतल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष छापले. १२९ डिस्क चालू निघाल्या, त्यांतल्या फक्त १२ नीट पुसलेल्या होत्या. उरलेल्यांतून पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्ड क्रमांक बाहेर आले.

१३३ टाकाऊ संगणक

हा सगळा खटाटोप गरजूंपुरताच आहे, असं वाटू नये. अमेरिकेत टेनेसी राज्यात ओक रिज नॅशनल लॅबोरेटरी आहे. तिथल्या विल्यम हारग्रोव्ह आणि फॉरेस्ट हॉफमन यांना देशाचा पर्यावरणीय नकाशा करायचा होता: भूमीचे एक-एक चौरस किलोमीटरचे सुमारे ७८ लाख चौकोन, आणि प्रत्येकाचं तापमान, पाऊस, माती पाहून सारख्या चौकोनांचे गट पाडायचे. त्यासाठी ६४ नव्या पीसींचा ६४ हजार डॉलरचा प्रस्ताव त्यांनी १९९६ मध्ये दिला. तो नामंजूर झाला. मग त्यांनी प्रयोगशाळेतून आणि आसपासच्या सरकारी कचेऱ्यांतून बाद झालेले संगणक मागून आणले, सुटे केले, चालू भाग एकत्र केले, लिनक्स घातलं आणि साध्या नेटवर्कने जोडले. १९९७ पासून हा समूह वाढत गेला. २००१ पर्यंत त्यात १३३ यंत्रं होती: ७५ पेंटियम, ५३ त्याहून जुनी ४८६, आणि ५ अल्फा वर्कस्टेशन. जास्त सक्षम यंत्र मिळालं की सर्वांत मंद यंत्र बाहेर. नकाशा झाला. काम वाटून देताना वेगवान यंत्राला जास्त आणि मंदाला कमी द्यायचं, एवढी तजवीज प्रोग्रामात केलेली होती.

२०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रात गेल्याची नोंद आहे. उरलेल्यातला काही दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत पोचतो, तिथे तारा जाळून तांबं आणि बोर्ड आम्लात बुडवून सोनं काढलं जातं. रीतसर पुनर्चक्रातही चालू प्रोसेसरची किंमत त्यातल्या धातूएवढीच उरते. पुन्हा वापरलेला प्रोसेसर मात्र प्रोसेसरच राहतो.

ही वाट नव्या यंत्रांत अरुंद होत चालली आहे. ॲपलने २०२० मध्ये आणलेल्या एम१ मध्ये स्मृती प्रोसेसरच्याच आवरणात बसवलेली आहे. पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डाला डकवलेली असते, काहींत साठवणही. याने वेग वाढतो, वीज वाचते, हे खरं आहे. पण अशा यंत्रात रॅमची एक चिप गेली की बोर्ड जातो, आणि बोर्ड गेला की यंत्र जातं. म्हणून नवा संगणक घेतानाही दुकानदाराला विचारावं: रॅम खाचेत आहे की डकवलेली? डिस्क काढता येते का? एसएमपीएस साध्या मापाचा आहे का? कुठल्याही यंत्रातला एक भाग कधीतरी जाणारच. त्याच्यासोबत बाकीचे किती जाणार, हे खरेदीच्या दिवशीच ठरतं.